लोड बॅलन्सर म्हणतो सर्व्हर डाउन, सर्व्हर म्हणतो मी ठीक: हेल्थ चेकचा गुंता

प्रश्न थोडक्यात असा आहे. लेयर ४ वर (म्हणजे टीसीपी कनेक्शनच्या पातळीवर, आतली विनंती न वाचता) चालणाऱ्या, दोन नोडच्या लोड बॅलन्सरमागे (येणारं ट्रॅफिक अनेक सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेमागे) सहा सर्व्हर आहेत. तपासणी ८०८० पोर्टवर, ‘/हेल्थ’ या पाथवर, दर १० सेकंदांनी होते. टाइमआउट ५ सेकंद आहे आणि सलग तीनदा चुकलं की सर्व्हर बाद होतो. गेल्या महिन्यात वाढवलेले दोन सर्व्हर कधी हेल्दी दिसतात, कधी अनहेल्दी. त्यांच्यावर लॉगिन करून ‘कर्ल’ मारलं (कमांड लाइनवरून वेब विनंती पाठवली) की लगेच २०० (‘सगळं ठीक’ सांगणारा एचटीटीपी कोड) येतं. फायरवॉल उघडी आहे. टाइमआउट वाढवून पाहिला, सर्व्हिस रीस्टार्ट केली, फरक पडला नाही. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही जाता जाता सांगितलंय की नव्या दोन्ही सर्व्हरना बॅकअपसाठी दुसरं नेटवर्क कार्ड आहे.

त्या शेवटच्या ओळीवर माझी नजर अडकली आहे, पण तिच्याकडे शेवटी येतो. माझा अंदाज आधी सांगितला तर तुम्ही लगेच तेवढाच बदल करून पाहाल, आणि अंदाज चुकला तर आहात तिथेच राहाल.

आधी त्या कर्लबद्दल. हेल्थ चेक म्हणजे एका ठरावीक मशीनने, ठरावीक पत्त्यावरून, ठरावीक पद्धतीने विचारलेला प्रश्न. तुम्ही सर्व्हरवर लॉगिन करून लोकलहोस्टला कर्ल मारता तेव्हा यातलं काहीच जुळत नाही. ते पॅकेट नेटवर्क कार्डापर्यंत जातच नाही, लूपबॅकवरूनच (मशीनच्या आतल्या आभासी इंटरफेसवरूनच) परत फिरतं. होस्टची फायरवॉल लूपबॅकला सहसा मोकळं सोडते. राउटिंगचा संबंध येत नाही. अ‍ॅप्लिकेशन फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असेल, तर बाहेरच्या कुणालाही ते दिसणार नाही, पण तुमचं कर्ल मात्र हसतमुखाने २०० देईल. घरात बसून दार बाहेरून उघडतं का ते कळत नाही, तसंच हे. तेव्हा पहिली गोष्ट: लोड बॅलन्सरवर लॉगिन करता येत असेल तर तिथून, नसेल तर त्याच सबनेटमधल्या (नेटवर्कच्या त्याच तुकड्यातल्या) दुसऱ्या मशीनवरून, सर्व्हरच्या खऱ्या पत्त्याला, त्याच पोर्टवर, त्याच पाथला विचारा. आणि तुमच्याकडे लोड बॅलन्सरचे दोन नोड आहेत, ते दोन वेगळ्या सबनेटमध्ये असतात, म्हणून हे दोन्ही सबनेटमधून करा. एकाच ठिकाणाहून करून समाधान मानू नका. याचं कारण पुढे कळेल.

दुसरी गोष्ट, सेटिंगला हात लावायच्या आधी पॅकेट पाहा. टाइमआउट वाढवणं हा या धंद्यातला ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ प्रकार आहे. उत्तर यायला उशीर होत असेल तरच टाइमआउट वाढवून उपयोग. उत्तर येतच नसेल तर तुम्ही फक्त जास्त वेळ वाट पाहता. आणि उशीर होतोय की उत्तरच नाही, हे पडद्यावरच्या लाल ठिपक्यावरून कधीच कळत नाही. ते कळतं टीसीपीडम्पमध्ये, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणाऱ्या कमांडमध्ये.

नव्या सर्व्हरवर टीसीपीडम्प लावा, ८०८० पोर्टपुरता, आणि एकाच कार्डावर न लावता ‘एनी’ म्हणून सगळ्या इंटरफेसवर लावा. पाच मिनिटं चालू द्या. दोन नोड, दर १० सेकंदांनी, म्हणजे पाच मिनिटांत साधारण साठ तपासण्या हाती लागतील. मग समोर जे चित्र येईल ते बहुधा चारपैकी एक असेल.

पहिलं चित्र: लोड बॅलन्सरकडून काही येतच नाही. मग दोष सर्व्हरच्या बाहेर आहे. वाटेतली फायरवॉल, क्लाउडमधला सिक्युरिटी ग्रुप, सबनेटची नियमयादी, किंवा तपासणी भलत्याच पोर्टवर जातेय. इथे सर्व्हरवर काहीही करून उपयोग नाही, त्यामुळे सर्व्हिस रीस्टार्ट करत बसू नका.

दुसरं चित्र: ‘सिन’ (कनेक्शन मागणारं पहिलं पॅकेट) येतोय आणि उत्तरादाखल लगेच ‘रीसेट’ (नकाराचं पॅकेट) जातोय. ही चांगली बातमी आहे, कारण रस्ता शाबूत आहे. त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही एवढंच. ऐकणाऱ्या सॉकेटांची यादी ‘एसएस’ या कमांडने काढा आणि पत्त्याचा रकाना नीट वाचा. तिथे १२७.०.०.१ दिसलं तर रोग सापडला. ‘रीसेट’ऐवजी आयसीएमपीचा ‘प्रोहिबिटेड’ निरोप जाताना दिसला तर होस्टची फायरवॉल नकार देतेय. फायरवॉलडी (लिनक्सची एक फायरवॉल सर्व्हिस) मूळ सेटिंगमध्ये पॅकेट गुपचूप गिळत नाही, असा उघड नकार देते. त्याबद्दल तिचे आभार मानायला हवेत.

तिसरं चित्र सगळ्यात जास्त छळतं: ‘सिन’ येतोय, पण उत्तर काहीच जात नाही. इथे बरेच जण म्हणतात, “पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचलंय, म्हणजे फायरवॉल ठीक आहे.” तसं नाही. आत येणारं पॅकेट टीसीपीडम्पला होस्टच्या फायरवॉलच्या आधी दिसतं. म्हणजे ते कार्डापर्यंत पोचलं एवढंच सिद्ध होतं. पुढे आयपीटेबल्सने (लिनक्सच्या फायरवॉलने) टाकलं असेल, कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) राउटिंगच्या तपासणीत टाकलं असेल, किंवा अ‍ॅप्लिकेशनची रांग भरल्यामुळे टाकलं असेल. तिन्हींचं चित्र अगदी एकसारखं दिसतं: तोच ‘सिन’ पुन्हा एका सेकंदाने, मग आणखी दोन सेकंदांनी, मग चार सेकंदांनी. लिनक्स ६.५ च्या आधीच्या कर्नलमध्ये ‘सिन’ पुन्हा पाठवण्याचा मूळ क्रम असाच असतो, म्हणजे सुरुवातीपासून मोजलं तर ०, १, ३ आणि ७ व्या सेकंदाला. पाठवणाऱ्याचा पोर्ट तोच असेल तर ही नवी तपासणी नाही, जुन्याच तपासणीचा पुन्हा प्रयत्न आहे. तुमच्या ५ सेकंदांच्या टाइमआउटमध्ये असे तीन प्रयत्न बसतात. टाइमआउट ८ केला तर चौथा बसेल. चौथ्याला तरी कोण उत्तर देणार आहे?

(याच आकड्यांचा आणखी एक उपयोग. कनेक्शन जुळायला नेमका एक सेकंद आणि वर काही मिलिसेकंद, किंवा तीन सेकंद आणि वर थोडे, असा वेळ वारंवार दिसत असेल, तर सर्व्हर हळू नाही. पहिला ‘सिन’ किंवा त्याचं उत्तर हरवलंय. हळू सर्व्हरचे आकडे असे गोल येत नाहीत.)

चौथं चित्र: टीसीपीची हातमिळवणी (कनेक्शन जुळवणारी पॅकेटांची देवाणघेवाण) पूर्ण होते, विनंती जाते, आणि मग उत्तर चुकीचं येतं किंवा उशिरा येतं. इथून पुढे दोष नेटवर्कचा नाही, एचटीटीपीचा किंवा अ‍ॅप्लिकेशनचा.

आता प्रत्येक चित्रामागच्या कारणांकडे वळू. सगळी सारखीच महत्त्वाची नाहीत, म्हणून काहींवर थोडक्यात बोलतो.

फायरवॉल उघडी आहे असं तुम्ही म्हणता, तेव्हा ‘कुणासाठी उघडी’ हा प्रश्न उरतोच. लेयर ४ च्या लोड बॅलन्सरमध्ये ग्राहकाचा मूळ पत्ता बहुतेक वेळा तसाच सर्व्हरपर्यंत जातो, पण तपासणी मात्र वेगळ्याच पत्त्यावरून येते. गूगल क्लाउडमध्ये तपासणी ३५.१९१.०.०/१६ सारख्या ठरलेल्या पट्ट्यांतून येते. अझ्युअरमध्ये ती १६८.६३.१२९.१६ या एकाच पत्त्यावरून येते, आणि तो पत्ता पाहून कुणी तरी ‘हा कोण परका?’ म्हणून तो ब्लॉक करतंच. अ‍ॅमेझॉनच्या नेटवर्क लोड बॅलन्सरमध्ये ती लोड बॅलन्सरच्या प्रत्येक नोडच्या खासगी पत्त्यावरून येते. त्या लोड बॅलन्सरला स्वतःचा सिक्युरिटी ग्रुप लावायची सोय २०२३ मध्ये आली. त्याआधीच्या मांडणीत लोक सबनेटचे पत्ते हाताने लिहीत, आणि नवं सबनेट जोडलं की ती यादी जुनी व्हायची. सबनेटच्या पातळीवरची नियमयादी असेल तर आणखी एक खाच आहे: ती आधीचं काही लक्षात ठेवत नाही. आत यायला परवानगी दिली म्हणून उत्तराला बाहेर जायची परवानगी आपोआप मिळत नाही. बाहेर जाणाऱ्या १०२४ ते ६५५३५ पोर्टची वेगळी ओळ लागते.

एचटीटीपीच्या पातळीवर सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे होस्ट हेडर (विनंतीत लिहिलेलं साइटचं नाव). तुम्ही ब्राउझरमधून नावाने जाता. तपासणी बहुधा आयपी पत्त्याने जाते. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये एकाच मशीनवर अनेक साइट असतील तर नाव न जुळणारी विनंती डीफॉल्ट साइटकडे जाते आणि तिथून ४०४ किंवा ३०१ येतं. जँगो या वेब फ्रेमवर्कचा ‘अलाउड होस्ट्स’ अनोळखी नाव पाहिलं की सरळ ४०० देतो. एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सरचा एचटीटीपी चेक तर, वेगळं काही सांगितलं नाही, तर ‘गेट’ पाठवतच नाही. तो ‘ऑप्शन्स’ पाठवतो, तोही एचटीटीपी १.० चा, होस्ट हेडरशिवाय. अ‍ॅप्लिकेशनने ‘ऑप्शन्स’ला ४०५ दिलं की सर्व्हर डाउन. कर्लने हे कधीच दिसणार नाही, कारण कर्ल ‘गेट’ पाठवतं आणि होस्ट हेडर न विसरता लावतं.

कुठलं उत्तर यशस्वी मानायचं, यातही प्रत्येकाचं वेगळं. अझ्युअरच्या प्रोबला २०० च हवं, बाकी सगळं नापास. अ‍ॅमेझॉनचा नेटवर्क लोड बॅलन्सर मूळ सेटिंगमध्ये २०० ते ३९९ सगळं पास करतो. म्हणजे तुमचं ‘/हेल्थ’ लॉगिन पानाकडे ३०२ देत असेल तर एकीकडे सर्व्हर कायम लाल आणि दुसरीकडे कायम हिरवा, आणि दोन्ही चूक. टीएलएसच्या (एन्क्रिप्टेड, एचटीटीपीएसच्या) पोर्टवर साधी एचटीटीपी तपासणी लावली तर एनजिनएक्स ४०० देतो आणि कारणही स्पष्ट शब्दांत लिहितो. ते वाचायचे कष्ट मात्र घ्यावे लागतात. उलट, टीएलएसच्या पोर्टवर नुसती टीसीपी तपासणी लावली तर लॉगमध्ये दर काही सेकंदांनी ‘हँडशेक अर्धवट राहिला’ अशा ओळींचा पाऊस पडतो. तो निरुपद्रवी असतो, पण त्यात खरी चूक बुडून जाते.

प्रॉक्सी प्रोटोकॉल (कनेक्शनच्या सुरुवातीला ग्राहकाचा मूळ पत्ता सांगणारी ओळ पाठवण्याची पद्धत) वापरत असाल तर एकच तपासा: तपासणीसुद्धा ती पहिली ओळ पाठवते का, आणि सर्व्हर तिची अपेक्षा करतो का. एकाने पाठवली आणि दुसऱ्याला नको असेल, तर पहिल्याच बाइटला भांडण.

आता तिसऱ्या चित्रातल्या रांगेबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथे गोष्टी डोळ्यांना उलट्या दिसतात. टीसीपीची हातमिळवणी अ‍ॅप्लिकेशन करत नाही, कर्नल करतं. जुळलेलं कनेक्शन एका रांगेत उभं राहतं, आणि अ‍ॅप्लिकेशन ‘अ‍ॅक्सेप्ट’ म्हणेल तेव्हा ते रांगेतून उचललं जातं. याचा अर्थ असा की अ‍ॅप्लिकेशन पूर्ण गोठलेलं असलं तरी, रांगेत जागा आहे तोपर्यंत, नुसती टीसीपी तपासणी पास होते. विश्वास बसत नसेल तर चाचणीच्या सर्व्हरवर करून पाहा: प्रोसेसला ‘स्टॉप’ सिग्नल द्या, मारू नका, नुसती थांबवा. सर्व्हर हिरवाच राहील. ग्राहक ताटकळतील, लोड बॅलन्सर त्याच्याकडे आणखी ग्राहक पाठवत राहील. आता हिशोब करा: रांग १२८ ची असेल आणि दोन नोड दर १० सेकंदांनी टीसीपी तपासणी करत असतील, तर मिनिटाला १२ जागा भरतात. बाकी ट्रॅफिक नसेल तर गोठलेला सर्व्हर दहा मिनिटांहून जास्त काळ हिरवा राहील. ट्रॅफिक असेल तर रांग काही सेकंदांत भरेल, मग ‘सिन’ टाकले जातील, आणि तेव्हा कुठे तपासणीला काही तरी बिघडल्याचं कळेल.

ही रांग पाहायची सोपी जागा म्हणजे ‘एसएस’. ऐकणाऱ्या सॉकेटसाठी ‘रिसीव्ह-क्यू’च्या रकान्यात सध्या रांगेत किती आहेत ते दिसतं आणि ‘सेंड-क्यू’च्या रकान्यात रांगेची मर्यादा. जुळलेल्या कनेक्शनसाठी याच रकान्यांचा अर्थ वेगळा असतो, त्यात गल्लत करू नका. पहिला आकडा दुसऱ्याला टेकलेला दिसला तर ‘एनस्टॅट’ (कर्नलचे नेटवर्कचे आकडे दाखवणारी कमांड) मधला ‘लिसन ओव्हरफ्लोज’ वाढतोय का ते पाहा. मर्यादा दोन ठिकाणांहून येते: अ‍ॅप्लिकेशनने मागितलेली आणि कर्नलची ‘सोमॅक्सकॉन’, त्यातली जी लहान ती लागू. लिनक्स ५.४ पासून सोमॅक्सकॉनचं मूळ मूल्य ४०९६ झालं, त्याआधी ते १२८ होतं. म्हणून जुन्या आणि नव्या कर्नलचे सर्व्हर एकाच गटात असतील तर भार वाढल्यावर जुनेच आधी लाल होतात, आणि लोक नव्या सर्व्हरच्या दणकट हार्डवेअरचं कौतुक करतात.

एवढ्यासाठीच मी नुसती टीसीपी तपासणी शक्यतो लावत नाही. यूडीपीच्या सर्व्हिसला दुसरा इलाज नसतो तेव्हा बाजूला एक छोटं एचटीटीपी पोर्ट काढून त्यावर तपासणी लावतो.

पण मग दुसऱ्या टोकाला जाऊ नका. मी स्वतः एकदा गेलो होतो. एका कामात ‘/हेल्थ’ने डेटाबेसपर्यंत जाऊन खात्री करावी असं ठरवलं आणि तिथे एका टेबलातल्या ओळी मोजणारी क्वेरी टाकली. सुरुवातीला टेबल लहान होतं, उत्तर चुटकीसरशी यायचं. महिन्यांमागून महिने गेले, टेबल फुगलं, आणि एका रात्री बॅकअप चालू असताना ती क्वेरी टाइमआउटच्या वर गेली. सगळे सर्व्हर एकदम लाल. डेटाबेस चालू, अ‍ॅप्लिकेशन चालू, आणि लोड बॅलन्सरच्या मते कुणीच जिवंत नाही. त्यात गंमत अशी की प्रत्येक नोड प्रत्येक सर्व्हरला विचारत होता, म्हणजे ती जड क्वेरी मीच मिनिटाला डझनावारी चालवत होतो. दोन तास मी नेटवर्कच्या लोकांशी भांडलो. चूक माझ्याच कोडमध्ये होती.

सगळेच सर्व्हर लाल झाले तर काय होतं, हे तुमच्या लोड बॅलन्सरच्या बाबतीत आधीच माहीत करून घ्या. अ‍ॅमेझॉनचा नेटवर्क लोड बॅलन्सर अशा वेळी सगळ्यांकडेच ट्रॅफिक पाठवतो, कुणाकडेच न पाठवण्यापेक्षा ते बरं म्हणून. एचएप्रॉक्सी एचटीटीपी मोडमध्ये ग्राहकाला ५०३ देतो. त्यामुळे ‘/हेल्थ’ने फक्त त्या सर्व्हरपुरतं बोलावं असं माझं ठाम मत आहे. सामायिक डेटाबेस पडला तर एका सर्व्हरला बाद करून दुसऱ्याकडे पाठवण्यात काय अर्थ? दुसराही त्याच डेटाबेसकडे जाणार. डेटाबेसवर नजर ठेवायला वेगळी अलार्मची व्यवस्था हवी, ते लोड बॅलन्सरचं काम नाही.

आकड्यांबद्दल एकच. तुमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर तपासणीच्या ऐन आधी मेला तर तो २५ सेकंदांत बाद होईल. पास झाल्या झाल्या मेला तर ३५ सेकंदांपर्यंत लागतील. तेवढा वेळ त्याच्याकडे ट्रॅफिक जात राहणार, हे व्यवसायाला चालतं का ते विचारा, आणि मग अंतर कमी करा. टाइमआउट अंतरापेक्षा लहानच ठेवा. सर्व्हर जाणूनबुजून काढताना मात्र क्रम उलटा हवा: आधी ‘/हेल्थ’ला नापास करा, लोड बॅलन्सरला ते कळेपर्यंत थांबा, मग प्रोसेस बंद करा.

कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी यंत्रणा) वापरणाऱ्यांसाठी एक आडवी टीप. सर्व्हिसचं ‘एक्सटर्नल ट्रॅफिक पॉलिसी’ ‘लोकल’ असेल तर ज्या नोडवर त्या सर्व्हिसचा तयार पॉड (कंटेनरांचा गट) नाही, तो नोड मुद्दाम ५०३ देतो. तिथे निम्मे नोड लाल दिसणं हा बिघाड नाही, ते तसंच दिसायला हवं. तेवढ्यासाठी रात्री उठून कुणी साप म्हणून भुई धोपटू नये.

आता तुमच्या दोन सर्व्हरकडे. जुने चार ठीक, नवे दोन आजारी, आणि नव्यांना दुसरं कार्ड. शिवाय दुखणं येऊन जाऊन. लोड बॅलन्सरचे दोन नोड दोन वेगळ्या सबनेटमध्ये असतात, आणि माझा संशय असा की तुमचं बॅकअपचं कार्ड त्यातल्याच एका सबनेटमध्ये बसलंय.

उदाहरणाने सांगतो. समजा सर्व्हरचं मुख्य कार्ड १०.२०.१.१४ आहे आणि बॅकअपचं कार्ड १०.२०.२.१४. लोड बॅलन्सरचा पहिला नोड १०.२०.१.५ आणि दुसरा १०.२०.२.५. पहिल्या नोडची तपासणी मुख्य कार्डावर येते, उत्तर मुख्य कार्डावरूनच जातं, सगळं सुरळीत. दुसऱ्या नोडची तपासणीही १०.२०.१.१४ लाच येते, म्हणजे मुख्य कार्डावर. पण कर्नल आपलं राउटिंग टेबल पाहतं: १०.२०.२.५ कडे जायचा रस्ता कुठला? बॅकअपच्या कार्डावरून, कारण ते सबनेट त्याला थेट जोडलेलं आहे. म्हणजे पॅकेट एका दारातून आलं आणि त्याचं उत्तर दुसऱ्या दारातून जाणार. ‘आरपी फिल्टर’ (आलेल्या पॅकेटचा परतीचा रस्ता त्याच कार्डावरून जातो का, हे तपासणारी कर्नलची सेटिंग) १ वर, म्हणजे कडक मोडमध्ये असेल, तर कर्नलला हे संशयास्पद वाटतं आणि ते ‘सिन’ तिथल्या तिथे टाकून देतं. लॉगमध्ये एक ओळ नाही, अ‍ॅप्लिकेशनला पत्ता नाही. पहिल्या नोडचं मत हिरवं, दुसऱ्याचं लाल. तुमचा पडदा ज्या नोडचं मत दाखवेल त्याप्रमाणे सर्व्हर हेल्दी किंवा अनहेल्दी. फायरवॉल खरंच उघडी आहे, टाइमआउटचा खरंच संबंध नाही, आणि लोकलहोस्टचं कर्ल खरंच २०० देतं. तुमची सगळी निरीक्षणं बरोबर आहेत.

हे खरं की खोटं, ते दहा मिनिटांत कळेल. टीसीपीडम्पमध्ये १०.२०.२.५ सारख्या, म्हणजे दुसऱ्या नोडच्या पत्त्यावरून आलेले ‘सिन’ मुख्य कार्डावर दिसतील आणि कुठल्याच कार्डावर त्यांना उत्तर दिसणार नाही. पहिल्या नोडच्या तपासण्या मात्र पूर्ण झालेल्या दिसतील. ‘एनस्टॅट’मध्ये ‘आयपी रिव्हर्स पाथ फिल्टर’ नावाचा आकडा दर तपासणीला वाढताना दिसेल. आणि ‘आयपी राउट गेट’ या कमांडला त्या नोडचा पत्ता विचारलात तर तो बॅकअपच्या कार्डाचं नाव सांगेल. ‘आरपी फिल्टर’चं मूल्य पाहताना एक लक्षात ठेवा: ‘ऑल’चं आणि त्या कार्डाचं अशा दोन मूल्यांतलं मोठं ते लागू होतं. कार्डाचं ० करून ‘ऑल’ १ ठेवलं तर काहीच बदललेलं नाही.

इथे सगळे ‘आरपी फिल्टर’ २ म्हणजे सैल करून मोकळे होतात. चाचणी म्हणून करा, पण तिथे थांबू नका. सैल केल्यावर ‘सिन’ आत घेतला जाईल, पण उत्तर अजूनही बॅकअपच्या कार्डावरूनच निघेल, १०.२०.१.१४ हा पत्ता लावून. वाटेत स्टेटफुल (चालू कनेक्शन लक्षात ठेवणारी) फायरवॉल असेल किंवा क्लाउड ‘हा पत्ता या कार्डाचा नाही’ असं म्हणत असेल, तर ते उत्तर तिथे मरेल. टीसीपीडम्पमध्ये मग ‘सिन’ एका कार्डावर आणि ‘सिन-अ‍ॅक’ दुसऱ्यावर दिसेल. ‘एनी’वर लावा म्हणालो ते यासाठी. पक्का इलाज म्हणजे पॉलिसी राउटिंग: मुख्य कार्डासाठी वेगळं राउटिंग टेबल, त्यात त्याचं सबनेट आणि त्याचाच गेटवे, आणि ‘आयपी रूल’ने सांगायचं की १०.२०.१.१४ या पत्त्यावरून निघणारं सगळं त्या टेबलाप्रमाणे जाईल. असं केलं की कर्नलची उलट्या रस्त्याची तपासणीही हाच नियम पाहते, त्यामुळे ‘आरपी फिल्टर’ कडक ठेवूनही चालतं. नियम रीबूटनंतर टिकेल असा लिहा. हाताने टाकलेला नियम पुढच्या पॅचिंगच्या रात्री गायब होतो.

याहून सोपं काही हवं असेल तर बॅकअपचं कार्ड लोड बॅलन्सरच्या सबनेटमधून हलवा. नेटवर्कवाले ऐकत असतील तर मी तेच करेन.

हे चित्र जुळलं नाही, म्हणजे दोन्ही नोडच्या तपासण्या सारख्याच नापास होताना दिसल्या, तर माझा अंदाज चुकला. मग ‘सिन’पासून पुढे कुठपर्यंत गाडी जाते ते चारपैकी कुठल्या चित्रात बसतं ते पाहा, आणि जुन्या एका सर्व्हरवर तोच टीसीपीडम्प लावून दोन्ही शेजारी ठेवा. विचारायला परत आलात तर तेवढ्या दोन फाइल, ‘एसएस’ची यादी आणि दोन्ही सर्व्हरचं राउटिंग टेबल सोबत द्या. लाल ठिपक्याचा स्क्रीनशॉट नको.